उबही हवी, ओलही हवी

गोटूला, म्हणजे कासवाच्या एका पिल्लाला, घरी आणायचं हे दिवाळीआधीच ठरलं होतं. माझी अट एकच होती. आधी त्याचं घर पुरं व्हायला हवं, आतली हवा दिवसा-रात्री हवी तशी टिकते आहे याची खात्री व्हायला हवी, आणि मगच पिल्लू पुण्याहून निघेल. पिल्लू आणून ठेवायचं आणि मग दिवे शोधत फिरायचं, हे मला मान्य नव्हतं. नाशिकच्या थंडीत तर नाहीच नाही.

गोटू हे सुलकाटा जातीचं कासव. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगल-मालीपासून सुदान-इथिओपियापर्यंत जो कोरडा गवताळ पट्टा पसरला आहे, तिथला हा जीव. माझ्या नवऱ्याचे पुण्यातले एक सहकारी परदेशी निघाले होते. हे पिल्लू चांगल्या हाती पडावं म्हणून ते घर शोधत होते. आत्ता ते तळहातावर मावतं. पुढे मात्र गॅलापागोस आणि आल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर याच्याएवढं मोठं जमिनीवरचं कासव दुसरं नाही. वजन चाळीस-पन्नास किलोंच्याही पुढे जातं आणि आयुष्य माणसाएवढं असतं. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी आम्ही निफाडला जाऊन सासऱ्यांशी, म्हणजे आप्पांशी आणि धाकट्या दिरांशी बसून बोललो. पहिली एक-दोन वर्षं फ्लॅटमध्ये आणि नंतर मळ्यात, हे सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतल्यावरच पुण्याला होकार कळवला. ज्याच्याकडे मोकळी जमीन नाही आणि पुढे मिळण्याची शक्यताही नाही, त्याने सुलकाटा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लू कितीही गोड दिसो.

कायद्याचं आधीच सांगते, कारण कासव म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव येतं. ते आपलं स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवायला बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर ते वाघाच्याच अनुसूचीत, पहिल्या अनुसूचीत आहे. ‘घरात लक्ष्मी येते’ म्हणून कुणी डब्यात घालून जोडी आणून देतो म्हणालं, तर ते जंगलातून चोरलेलं जनावर असतं. ते घेणाराही गुन्हेगारच. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणाऱ्या माणसाने जिवंत कासव पिशवीतून विकत घ्यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुलकाटा परदेशी आहे, पण तोही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. पुण्याच्या गृहस्थांची नोंद रीतसर होती. नसती, तर मी पुढे बोललेच नसते.

आता घराकडे येते. सुरुवातीला ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला. वाळवंटी जनावर आहे, वाळू टाका, वर एक बल्ब लावा, कोरडं ठेवा. पटण्यासारखं वाटतं. पण मोठं सुलकाटा वाळवंटाच्या काठावर राहतं म्हणून त्याचं पिल्लू दिवसभर तापल्या वाळूत बसतं, असं नाही. कासवं तिथे कित्येक फूट खोल बिळं करतात, आणि बिळातली माती ओलसर असते. पिल्लं बिळांत, गवताच्या मुळांशी, झुडपांच्या सावलीत दिवस काढतात. उघड्यावर येतात ती ऊन खायला आणि चरायला. सतत कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवरचा एकेक खवला शंकूसारखा उंच होत जातो. असे उंचवटे एकदा आले की पुन्हा सपाट होत नाहीत. हे जास्त प्रथिनं खाल्ल्याने होतं असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००३ साली व्हिएन्नातल्या पशुवैद्यांचा याच जातीच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांचा परिणाम किरकोळच निघाला आणि कोरड्या हवेचा ठळक.

पण नुसती ओल करूनही चालत नाही. ओल आणि गारठा एकत्र आले की कासवाच्या छातीत बिघडतं, नाकातून फुगे येतात, ते तोंड उघडून श्वास घेऊ लागतं. म्हणजे जितकी ओल, तितकी ऊब. दोन्ही एकाच वेळी हवीत, आणि रात्रीही हवीत. सुलकाटा थंडीत झोपी जाणाऱ्या कासवांपैकी नाही. त्याला हिवाळा ठाऊकच नाही. माझं सगळं बांधकाम या एका गोष्टीभोवती फिरलं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. निफाडला तर पाचच्याही खाली जातो, आणि पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच दिवसांत आमच्या दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात आफ्रिकेतला पावसाळा उभा करायचा होता.

वरून उघडं असलेलं टेबल किंवा प्लॅस्टिकचं टब मी पहिल्याच विचारात बाद केलं. वर उघडं असेल तर ऊब आणि वाफ दोन्ही छताकडे जातात, आणि मग दिवे वाढवत बसावं लागतं. दिवे वाढले की हवा आणखी कोरडी. पेटी बंदच हवी होती. आमच्या मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं: चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, समोर दोन सरकत्या काचा.

“वहिनी, वरून बंद केलं तर गुदमरेल की हो ते.”

बाजूला खालच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला वर, अशी झाकणं असलेली छोटी भोकं ठेवायची आणि गरजेप्रमाणे उघडायची, हे समजावल्यावर त्यांना पटलं. मग त्यांनीच सुचवलं की समोरच्या काचा तळापासून नकोत, खाली फळी असू द्या, नाहीतर काच सरकवली की माती बाहेर येईल. ही फळी आणखी एका कारणासाठी फार उपयोगाची आहे. कासवाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते काचेला धडका देत, पंजे घासत तासन्‌तास चालत राहतं आणि थकतं. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला फळी आली की ते निवांत होतं. आम्ही आठ इंचांची फळी ठेवली. त्यात सहा इंच माती भरली तरी पिल्लाच्या नजरेला फळीच लागते, आणि वरून आपल्याला सगळं दिसतं.

प्लायवुड घेताना ‘वॉटरप्रूफ’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे सगळे मरीन म्हणतात तो प्लाय मागा. आतून इपॉक्सीचे, म्हणजे ओल लाकडात शिरू न देणाऱ्या लेपाचे, दोन हात दिले, कोपऱ्यांच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी गच्चीवरच्या खोलीत उघडी ठेवली. घरात सगळ्यांना घाई झाली होती. पण रंगाचा वास येत असलेल्या बंद पेटीत तापणारे दिवे आणि इवली फुप्फुसं, हा विचारच मला सहन होत नव्हता.

दिव्यांवर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त शोधाशोध इथेच झाली. तीन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच बल्बवर सोपवता येत नाहीत. पहिलं काम ऊन खाण्याच्या जागेचं. त्यासाठी साधा पांढरा हॅलोजन, सरळ खाली तोंड केलेला, टायमरवर बारा तास. त्याच्याखालच्या फरशीवर ३५ ते ३८ अंश हवेत. दुसरं काम रात्रीच्या उबेचं. रात्री अंधार हवा. लाल किंवा निळा बल्बही नको, कासवाला ते रंग दिसतात. म्हणून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घेतला. पण ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय तो लावणं म्हणजे जिवाशी खेळ. थर्मोस्टॅटसाठी महागड्या परदेशी वस्तू पाहून मी थकले होते. तेव्हा दिरांनी विचारलं, “वहिनी, अंडी उबवायच्या मशीनला असतो तोच ना?” तोच. निफाड-सिन्नरकडे पोल्ट्री गावोगाव आहे. कुक्कुटपालनाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात थर्मोस्टॅट, सिरॅमिक हीटर, लांब वायरचे तापमापक, सगळं मिळालं, आणि दुकानदाराने जोडणीही नीट समजावली. ब्रूडरचा, म्हणजे कोंबडीची पिलं उबेत वाढवायच्या पेटीचा, अनुभव असलेला माणूस या बाबतीत खूप काही सांगू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

होल्डर मात्र पोर्सिलेनचेच हवेत. सिरॅमिक हीटरच्या उष्णतेने प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. तो वायरवर लोंबकळतही ठेवायचा नाही, छताला पट्टीने स्क्रू करायचा, भोवती जाळी लावायची, आणि लाकडापासून अंतर राखायचं. आमच्या इलेक्ट्रिशियनने उष्णता सहन करणारी वायर वापरली आणि या पेटीपुरता वेगळा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, बसवला. तो खर्च मी आनंदाने केला.

तिसरं काम अतिनील किरणांचं, यूव्हीबीचं. ते नसेल तर शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात. पुष्कळ जण म्हणाले, खिडकीत ऊन येतंच की. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. आतमध्ये यूव्हीबी देणारी लांब, बारीक टी-५ ट्यूब लावली. तिच्याजवळ येऊ तसे किरण तीव्र होतात, म्हणून कंपनीने दिलेल्या अंतरातच ती बसवावी लागते. वर्षाच्या आसपास तिचे किरण क्षीण होतात, उजेड मात्र तसाच दिसत राहतो. म्हणून बदलायची तारीख ट्यूबच्या टोकाला चिकटवून ठेवली आहे. खरं ऊन याहून श्रेष्ठच. हवा तापल्यावर दहा-अकराच्या सुमारास गोटूला गच्चीवर नेते, पसरट घमेल्यात, अर्ध्या भागावर सावली करून. घारी आणि कावळे असतात, त्यामुळे मी जागची हलत नाही.

खाली काय घालायचं हा प्रश्न नाशिकमध्ये सोपा आहे. पॉलिहाऊस आणि नर्सऱ्या एवढ्या आहेत की कोकोपीटच्या विटा कुठेही मिळतात. एक गोष्ट पाहायची: कोकोपीटमध्ये क्षार राहिलेले असतात, म्हणून धुतलेलं मागायचं आणि घरी पुन्हा पाण्यातून काढून पिळून घ्यायचं. नर्सरीची तयार माती मी घेतली नाही, कारण त्यात खत असतं. वाळूही नाही. घासाबरोबर पोटात जाऊन आतड्यात साठते.

ओल कशी टिकवायची, हे मला आप्पांनी शिकवलं. आप्पांचं अख्खं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. हवेतली आर्द्रता वाढली की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीने त्यांची झोप उडते. ते पेटीपाशी खुर्ची घेऊन बसले, आर्द्रतामापकाकडे बघत म्हणाले, “आम्ही जन्मभर ही खाली आणायला धडपडलो, आणि तू ऐंशीवर न्यायला बघतेस!” मग स्वतःच पाण्याचा तांब्या घेतला. मी फवारणीच्या बाटलीने पृष्ठभाग भिजवत होते. त्यांचं म्हणणं, वरून भिजवलेलं तासाभरात उडून जातं, आणि पोटाखाली चिखल राहतो तो वेगळाच. पाणी कोपऱ्यांतून तळाशी सोडायचं. खालचा थर ओला, वरचा कोरडा. दिव्याच्या उबेने खालून हळूहळू वाफ उठत राहते. शिवाय पोटाकडचं कवच सतत ओल्यात राहिलं तर कुजतं, तेही टळतं. पाणी कोमट घ्यायचं, म्हणजे पेटी गार पडत नाही. त्या दिवसापासून ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा आकडा कधी हलला नाही.

रिकामी पेटी आम्ही चालवून पाहिली ती ऐन थंडीत. ऊन खाण्याची जागा, मधला भाग, गार टोक, तिन्हीकडे तापमापक ठेवले. फरशीचं तापमान हवेच्या तापमापकाने कळत नाही, त्यासाठी यंत्र दुरून रोखून मोजायचं ते इन्फ्रारेड तापमापक वापरलं. हॅलोजन थोडा वर उचलावा लागला. सिरॅमिक हीटर मधोमध आणला, कारण कडेला होता तेव्हा लांबचं टोक पहाटे जास्तच गार पडत होतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीवर बांधला. छताजवळ बांधला तर वरची गरम हवा मोजून तो हीटर लवकर बंद करतो. शेवटी दिवसा गार टोकाला २७, रात्री कुठेही २६ च्या खाली नाही, असं बसलं. आकडे वहीत लिहून ठेवत होते. पहाटे पाचचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाहेरची हवा तेव्हा सगळ्यात गार असते.

वीज गेली तर काय, हा विचार आधीच केला होता. ट्यूब आणि हॅलोजन बंद पडले तरी चालतात, रात्रीचा हीटर नाही. तो एकटा घरच्या इन्व्हर्टरवर टाकला. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावलं, आणि थंडीत रात्री काचांवर जुनी गोधडी टाकते, झाकणांची भोकं मोकळी ठेवून. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या रात्री वीज बराच वेळ नव्हती. आम्ही दोघं बॅटरी घेऊन आकडा बघत बसलो होतो. २६ वरून २५ वर आला आणि तिथेच थांबला.

आतलं सामान बहुतेक कुंभारवाड्यातलं आणि घरचं. पाण्यासाठी कुंडीखाली ठेवतात ती मातीची परळ, काठ बुटका, तळ खरबरीत. पिल्लू स्वतः आत उतरतं, बाहेर येतं, पाय घसरत नाही. कासव उलटं पडून पाण्यात बुडू शकतं, म्हणून खोल भांडं कधीच ठेवायचं नाही. लपायला मळ्यातल्या जुन्या घराची दोन कौलं, एक गरम अंगाला, एक गार अंगाला. कौलाखालचं कोकोपीट जास्त ओलं ठेवते, तेच त्याचं बीळ. ऊन खायला आणि जेवायला शहाबादी फरशीचा तुकडा. ती ऊब धरून ठेवते, आणि तिच्यावर चालून नखंही घासली जातात. कडेने कुंडीतली दोन झाडं ठेवली आहेत, कोरफड आणि छोटी जास्वंद. आडोसा असला की पिल्लू निर्धास्त हिंडतं.

गोटूला आणलं ते भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडात, गाडीच्या काचा बंद करून. पेटीत सोडलं तसं ते सरळ कौलाखाली गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिसलंच नाही. माझा भाचा रोज कौल उचलून बघायला मागायचा, त्याला थांबवणं हेच मोठं काम होतं. पहिले काही दिवस फक्त दोन गोष्टी केल्या: ताजा घास ठेवायचा आणि सकाळी कोमट पाण्यात बसवायचं. हनुवटीच्या खाली येईल इतकंच पाणी, पंधरा-वीस मिनिटं. त्यात ते पाणी पितं, पोट साफ करतं. पिल्लांना पाणी कमी पडू नये म्हणून हे रोजचं आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुणं घरात सक्तीचं केलंय, कारण कासवांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलं असतील तिथे यात ढिलाई नको.

खाण्याचा मुख्य भाग गवत. हराळी म्हणजे दूर्वा त्याला फार आवडतात, बारीक चिरून देते. त्यात जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा थोडा पाला, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. फळं नाहीत. पोळी, भात, दूध तर कासवाचं अन्नच नव्हे. द्राक्षाची पानंही त्याला चालतात, पण आमच्या बागेतली मी देत नाही, फवारण्या चालू असतात. गवतही बांधावरचं आणत नाही, त्याच कारणाने. गच्चीवर कुंड्यांत आणि जुन्या ट्रेमध्ये दूर्वा लावल्या आहेत. गणपतीच्या दिवसांत शेजारच्या काकूही तिथूनच नेतील असं म्हणून गेल्यात. कॅल्शियमसाठी भद्रकालीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचं हाड, आणलं. एक तुकडा पेटीत असतो, मनाला आलं की तो कुरतडतो.

दर रविवारी वजन करते आणि वरून, बाजूने एकेक फोटो काढते. वजन हळूहळू चढतंय, पाठ आत्तापर्यंत गुळगुळीत आहे, नव्या वाढीच्या फिकट रेघा खवल्यांच्या कडेला दिसतात. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले डॉक्टर शोधून एकदा तपासून घेतलं, विष्ठेचीही तपासणी केली. आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघालं तर उशीर होतो, कारण कासव दुखणं फार दिवस लपवतं.

मार्चमध्ये हवा एकदम कोरडी झाली, तेव्हा तळाला पाणी जास्त वेळा सोडावं लागलं, आणि हीटर दुपारी लागेनासा झाला. पावसाळ्यात उलट भोकं मोकळी ठेवावी लागतील. चार फुटांची ही पेटी वर्षभर पुरेल, फार तर थोडी अधिक. मळ्यात विहिरीजवळचा तुकडा आप्पांनी दाखवून ठेवलाय. तिथे कुंपणाची भिंत कासवाला आरपार न दिसणारी हवी आणि पाया जमिनीत दोन फूट तरी खोल हवा, कारण हे जनावर खणतं. थंडीसाठी आत उबेची पक्की खोली लागेल. फवारणीचा तुषार तिकडे जाऊ नये म्हणून बागेच्या बाजूला शेवग्या-तुतीची दाट रांग याच पावसाळ्यात लावायची आहे. रोपं दिरांनी सांगून ठेवली आहेत.